शेवटच्या भागाचा जाहीर कार्यक्रम

गोत्रीच्या विश्वंभर सबनीसांना शोध लावायची हौस निवृत्तीनंतर लागली. त्यांची उभी नोकरी कारखान्याच्या स्टोअर्स खात्यात गेली होती. तिथं हरवलेली वस्तू कुणी शोधत नाही, कागदोपत्री निकालात काढतात. त्यामुळे ही हौस आत तुंबून राहिली असावी. लेक शर्वरी पुण्याहून आली, टीव्हीला वायफाय जोडून देऊन गेली, आणि सबनीस सुटले.

पहिल्यांदा त्यांनी एका बर्फाळ देशातली पोलिसांची मालिका शोधून काढली. मग कोरियातल्या एका खानावळीची. मग तुर्कस्तानातल्या एका घराण्याची, ज्यात सगळे सुंदर होते आणि कुणाचंच कुणाशी पटत नव्हतं. जगानं या मालिका कधीच पाहून, विसरूनही टाकल्या होत्या. सबनीसांना त्याचं काही नव्हतं. अमेरिकेत आधीपासून माणसं राहत होती म्हणून कोलंबसाला कुणी नावं ठेवत नाही. शर्वरी फोनवर म्हणे, "बाबा, ती मी कॉलेजात असताना पाहिलीय," तेव्हा ते क्षमाशील आवाजात म्हणत, "पाहिली असशील, पण समजली नसेल."

त्यांची पत्नी उषाताई या काळात गॅलरीतल्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसत असत. संध्याकाळचा चहा दोघांनी हिंचक्यावर घ्यायचा, असं निवृत्तीच्या आधी ठरलं होतं. "जरा बसा ने इथं," त्या रोज म्हणत. "एवढा भाग संपला की आलोच," सबनीस रोज म्हणत. भाग संपे, पण तो अशा जागी संपे की पुढचा लावल्याशिवाय माणूस जागचा हलू नये. ही व्यवस्था मालिकावाल्यांनी मुद्दाम केलेली असते, हाही सबनीसांचाच शोध.

मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले आणि तोंडानं बजावलं, "टीव्ही नाही, मोबाइल नाही, वाचन नाही." सबनीस काळा चष्मा लावून घरात असे बसून राहिले की गुजराती भाजीवालीनंसुद्धा उषाताईंना "काकाने शुं थयुं?" असं हळू आवाजात विचारलं. शर्वरीला दया आली. तिनं फोनवर एक श्राव्य मालिका लावून दिली. डोळे नकोत, नुसते कान पुरेत. नाव होतं 'धक्क्यावरचा दिवा'.

गोष्ट अशी. कोकणातलं एक छोटं बंदर. तिथलं दीपगृह दर अमावास्येला आपोआप विझतं. राखणदार तुकोजी दिव्यात तेवढा जीव घालून बसलेला माणूस, तीस वर्षांत एक रात्र घरी झोपलेला नाही. तरी दिवा विझतो. होड्या खडकांवर येतात. गावात भुताची बोलवा. फौजदार सगळ्यांची उलटतपासणी करतो. राखणदाराची बायको पारूबाई हिची करत नाही, कारण ती अख्ख्या मालिकेत येते आणि "चहा ठेवलाय" एवढंच बोलून जाते. दिवा कोण विझवतं, हे दहाव्या भागात कळणार.

सबनीसांनी आयुष्यात इतकं एकाग्र होऊन काहीच ऐकलं नव्हतं, वरिष्ठांचं तर नाहीच. लाटांचा आवाज आला की ते पाय वर घेत. नववा भाग संपला, आणि दहावा सुरू करण्याच्या बेतात त्यांचं बोट थांबलं. आजवर प्रत्येक मालिकेच्या शेवटी एकच दुःख त्यांच्या वाट्याला आलं होतं. रहस्य उलगडलं की माणसाला शेजारी वळून "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणावंसं वाटतं, आणि शेजारी उशी असे. उशीनं कधीच दाद दिली नाही.

ते हिंचक्याकडे गेले. "उषा, तू ऐक ने नऊ भाग. मग दहावा बरोबर ऐकू."

उषाताई गवार मोडत होत्या. "तुम्ही रोज जेवताना सांगताच की सगळं आवाज काढून. मी परत कशाला ऐकू?"

हे खरं होतं. जेवताना उषाताईंना, लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या केयूरभाईंना, बँकेच्या रांगेत पुढच्याला आणि मागच्याला सबनीस गोष्ट सांगत होते. तरीही त्यांनी मनाशी पक्कं केलं की दहावा भाग एकट्यानं ऐकायचा नाही. ऐकायचा तर चार माणसांत. ही प्रतिज्ञा त्यांनी फक्त उषाताईंना सांगितली. उषाताई "बरं" म्हणाल्या आणि गवारीकडे वळल्या.

चार माणसं मिळायची संधी लवकरच आली. निजामपुऱ्यातल्या मराठी मंडळाचा दर महिन्याला रविवारी संध्याकाळी कार्यक्रम असतो. त्या महिन्याच्या गायिकेचा घसा बसला आणि रविवार मोकळा पडला. सबनीस कार्यकारिणीच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "सामुदायिक श्रवण ठेवू या."

अध्यक्ष फत्तेसिंहराव यांनी मिशीवरून हात फिरवला. फत्तेसिंहराव मोठे भले गृहस्थ, पण अध्यक्षपणाची त्यांची सगळी इमारत सत्कार या एका खांबावर उभी आहे. मंडळाच्या कपाटात शालींचा गठ्ठा कायम असतो. चुकून पत्ता विचारायला आत आलेल्या कुरिअरवाल्याचा एकदा सत्कार झाला होता, असं म्हणतात.

"श्रवण म्हणजे स्टेजवर कोण?" फत्तेसिंहरावांनी विचारलं.

"कुणी नाही. स्पीकरची पेटी. सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं."

"डोळे मिटून बसायला लोक घरचा पलंग सोडून निजामपुऱ्याला कशाला येतील?" हे खजिनदार. हा मुद्दा कुणी खोडू शकलं नाही, म्हणून तो सोडून देण्यात आला.

पुढचा प्रश्न खुर्च्यांचा निघाला. पाहायचं काहीच नसेल तर खुर्च्यांची तोंडं कुठं करायची? एक मत भिंतीकडे, एक मत गोलाकार. सचिव सलील म्हणाला की समोरासमोर बसवलं तर लोक गप्पा मारतील. अखेर खुर्च्या नेहमीप्रमाणे स्टेजकडे, स्टेजवर टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर पेटी आणि शेजारी फुलदाणी असं ठरलं. पेटी एकटी बरी दिसणार नाही म्हणून अध्यक्ष तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसतील, हेही ठरलं.

"आणि सत्कार?" फत्तेसिंहराव म्हणाले. "कलाकार येणार नाहीत म्हणता. मग आवाज कुठून येणार?"

"पेटीतून."

"झालं तर. पेटीचा."

सबनीसांना ही थट्टा वाटली. मंडळात सत्काराची थट्टा कुणी करत नाही, हे ते इतक्या वर्षांचे सभासद असून विसरले.

शेवटी खजिनदारांनी नेमकं विचारलं, "शेवट चांगला आहे का पण? तुम्ही ऐकलाय ने?"

इथं सबनीसांनी खरं सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण सगळी कार्यकारिणी त्यांच्याकडे पाहत होती, आणि न ऐकलेल्या गोष्टीसाठी कुणी सभागृह देत नाही. "ऐकलाय म्हणजे काय!" ते म्हणाले. "खुर्चीवरून उठाल."

सभागृहाच्या व्यवस्थापकाला ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा कागद लागत असे. सबनीस चौकीत गेले. तिथल्या जमादारांनी पेन उघडलं.

"शेनो प्रोग्राम छे?"

"ऑडिओ ड्रामा."

"कलाकार केटला?"

"एक पण नथी."

जमादारांनी पेन बंद केलं. "तो बोलशे कोण?"

"पेटी बोलशे. लोकोए खाली बेसीने सांभळवानुं. आंख बंद करीने." नुसतं बसून, डोळे मिटून ऐकायचं, हे सबनीसांनी जमेल तेवढ्या गुजरातीत सांगितलं.

जमादारांचा चेहरा एकदम उजळला. "तो एम कहो ने काका, भजन छे!" त्यांनी भजन लिहिलं, शिक्का मारला आणि हात जोडून "जय श्रीकृष्ण" म्हणाले. सबनीसांनी तोंड उघडलं होतं, पण शिक्का मारलेल्या कागदाशी वाद घालू नये हे स्टोअर्स खात्यानं त्यांना शिकवलं होतं.

सल्ले चहूकडून येत होते. शर्वरी फोनवर म्हणाली, "अंधार करा." उषाताई म्हणाल्या, "अंधार करू नका, म्हातारी माणसं पडतील." केयूरभाईंना मराठी कळत असे आणि गोष्टीतही रस होता, पण त्यांचा मुख्य प्रश्न वेगळा होता. "विश्वंभरभाई, प्रोग्राम गमे ते राखो. नास्तो पहेलां के पछी?" आधी ठेवला तर खाऊन लोक जातील, नंतर ठेवला तर वासानं लक्ष उडेल. सेवउसळ नंतर, पण पातेलं झाकून, असा तोडगा निघाला. एका श्राव्य मालिकेत इतके बारकावे असतात हे ती बनवणाऱ्यांनाही माहीत नसेल.

रविवार उजाडला आणि संध्याकाळ झाली. सबनीस नवा झब्बा घालून सभागृहाच्या दारात आले तर व्यवस्थापकानं परवानगीच्या कागदावरून फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'आजे भजन'. बाजूच्या सोसायटीतल्या बेनो, म्हणजे गुजराती बायका, तो फळा वाचून आल्या होत्या आणि मंजिऱ्या, म्हणजे छोटे टाळ, हातात घेऊन पुढची रांग धरून बसल्या होत्या. सबनीसांनी त्यांना समजावलं की भजन नाही, गोष्ट आहे. "कशो वांधो नहीं," सर्वांत वडील बेन म्हणाल्या, "वार्ता तो वार्ता," आणि त्यांनी मंजिऱ्या मांडीवर ठेवल्या, पण हातातून सोडल्या नाहीत.

मंडळी जमली. सबनीसांना हवी होती त्याच्या कितीतरी पट माणसं. उषाताई तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. आज ते नुसते आयोजक नव्हते, आज तेही पहिल्यांदाच ऐकणार होते, आणि वळून बघायला अख्खं सभागृह होतं. त्यांना मनापासून आनंद झाला होता. तो थोडाच वेळ टिकला.

फत्तेसिंहराव उठले. त्यांनी पेटीला हार घातला. मग शाल उलगडली आणि पेटीच्या दोन्ही खांद्यांवरून, म्हणजे जिथं खांदे असते तिथून, नीट पांघरली. शेवटी तिच्या डोक्यावर श्रीफळ ठेवलं. टाळ्या झाल्या. बेनोंनी मंजिऱ्या वाजवल्या. सलीलनं फोटो काढला. फोटोत फत्तेसिंहराव पेटीशी हस्तांदोलन करायला जागा शोधताना दिसतात.

सबनीसांनी आपला फोन पेटीशी जोडून टेबलावर ठेवला आणि दहावा भाग लावला. लाटांचा आवाज आला, पण तो दूरच्या कुठल्या तरी समुद्राचा. फौजदार बोलू लागला, तो गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा.

"शाल काढा, शाल!" मागून कुणीतरी ओरडलं.

सबनीस पुढं झाले. फत्तेसिंहरावांनी हात आडवा घातला. "सबनीस, सत्काराची शाल ज्याची त्यानं काढायची असते. दुसऱ्यानं ओढून काढली तर अपमान होतो."

"अहो, पण पेटीला हात नाहीत!"

"तो तिचा प्रश्न," फत्तेसिंहराव म्हणाले. "प्रथा ती प्रथा."

मग सलीलनं आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. गोष्टीतला समुद्र खवळला होता. पेटी थरथरू लागली, तिच्यावरचं श्रीफळ थरथरू लागलं. फौजदार गोधडीतून म्हणाला, "तुकोजी, दिवा कोण विझवतं ते मला कळलंय." सबनीसांनी डोळे मिटले. फौजदार म्हणाला, "दिवा विझवणारं दुसरं कुणी नसून..." आणि याच क्षणी एक मोठी लाट खडकावर आपटली, श्रीफळ पेटीवरून घरंगळलं आणि खाली ठेवलेल्या सबनीसांच्या फोनवर बरोबर मधोमध पडलं.

श्रीफळाला काही झालं नाही.

लोकांना वाटलं, हा रहस्याचाच भाग आहे. कुणी डोळे उघडले नाहीत. सबनीसांनी फोन उलटासुलटा केला, दाबला, फुंकला. काच चंदेरी जाळीसारखी झाली होती. मागच्या दारातून केयूरभाईंनी पातेल्याचं झाकण जरासं उघडून पाहिल्याचा वास आला.

"घाबरू नका!" फत्तेसिंहरावांनी माइक हातात घेतला. "सबनीसांनी शेवट ऐकलेला आहे. ते आपल्याला सांगतील. सबनीस, या." टाळ्या झाल्या. खजिनदार उत्सुकतेनं खुर्चीच्या कडेवर सरकले, वेळेवर उठता यावं म्हणून.

सबनीस माइकपाशी आले. सगळ्या सभागृहात त्यांची खरी अवस्था एकाच माणसाला माहीत होती. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. उषाताईंनी तोंडावर काही दाखवलं नाही. त्या नेहमीसारख्या बसल्या होत्या, थोड्या एका बाजूला, हिंचक्यावर शेजारी जागा सोडून बसतात तशा. सभागृहातल्या खुर्चीत शेजारी जागा सोडायचं कारण नव्हतं. सवय लागली होती.

सबनीसांनी घसा साफ केला. आधी त्यांनी लाटांचा आवाज काढला, तो त्यांना चांगला येत असे. मग वारा. मग फौजदाराचा आवाज. इथपर्यंत वेळ काढता आला. पुढं काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तोंडातून निघालं ते ऐकून त्यांनाच नवल वाटलं.

"फौजदार म्हणाला, तुकोजी, दिवा तुझी बायको विझवते."

सभागृहात चुळबूळ झाली. पारूबाई? ती चहावाली?

"पारूबाई पुढं आली," सबनीस सांगू लागले. "म्हणाली, हो, मीच विझवते. तीस वर्षं हा माणूस समुद्राकडे तोंड करून बसलाय. लांबच्या होड्या याला दिसतात, चहा थंड झालेला दिसत नाही. रोज मी चहा ठेवते आणि रोज परत नेते. मला वाटलं, दिवा विझला तर हा घरी येईल. महिन्यातून एक रात्र. जास्त नाही मागितलं मी. पण दिवा विझला की हा दिवा दुरुस्त करत बसला." सबनीस थांबले. पाणी प्यायले. "होड्या खडकांवर येतील हे मला ठाऊक नव्हतं, म्हणाली. माझी चूक झाली. मला न्या. पण जाताना एकदा, चहा गरम आहे तोवर, याला माझ्याशेजारी बसवा."

"मग?" पुढच्या रांगेतून आवाज आला.

"मग तुकोजी बसला," सबनीस म्हणाले. "संपलं."

कुणी खुर्चीवरून उठलं नाही. खजिनदारसुद्धा. वडील बेननी डोळ्यांना पदर लावला आणि "बिचारी" म्हणाल्या. मग टाळ्या सुरू झाल्या, मंजिऱ्या वाजल्या, आणि फत्तेसिंहरावांनी स्वतःच्या हातानं पेटीवरची शाल ओढून काढली आणि सबनीसांना पांघरली. प्रथेचं काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. श्रीफळही सबनीसांनाच मिळालं.

रिक्षातून घरी येताना सबनीस बाहेरच पाहत राहिले. उषाताईंकडे वळून पाहायचं त्यांनी टाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरातून नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "चहा ठेवलाय," आणि सबनीस अंथरुणातून असे उठले की त्यांच्या गुडघ्यातून आवाज आला.

आठवडा गेला आणि फत्तेसिंहरावांचा फोन आला, उषाताईंच्या फोनवर, कारण सबनीसांचा अजून दुरुस्तीला होता. ते भलतेच संतापले होते. "सबनीस, त्या कंपनीनं शेवट बदलला! सुनेनं मला दहावा भाग लावून दिला. त्यात डिझेलचे तस्कर आहेत. तस्कर दिवा विझवतात आणि पकडले जातात. पारूबाईचं नावसुद्धा नाही! काय भिकार शेवट!"

सबनीस भिंतीला टेकले. ज्या शेवटासाठी त्यांनी बोट आवरलं होतं, जो चार माणसांत ऐकायचा म्हणून एवढं रामायण झालं, तो फत्तेसिंहरावांनी दोन वाक्यांत सांगून टाकला होता. "तस्कर?" ते क्षीण आवाजात म्हणाले.

"तुमच्या वेळी चांगला होता. नंतर कुणीतरी दबाव आणला असणार. मंडळातर्फे निषेधाचं पत्र धाडतोय. सलीलनं मसुदा केलाय. पहिली सही तुमची."

सबनीसांनी सही केली. न करायची तर कारण सांगावं लागलं असतं. उत्तर आलेलं नाही. पण मंडळात आजही नवीन माणूस आला की 'धक्क्यावरचा दिवा'चा विषय निघतो, आणि खरा शेवट सबनीसांकडे आहे असं त्याला सांगतात.

पुढं डोळे बरे झाले, डॉक्टरांनी टीव्हीला परवानगी दिली. सबनीसांनी लगेच एक नवा शोध लावला, स्कॉटलंडमधल्या बेटावरची एक मालिका, धुकं आणि खून दोन्ही भरपूर. एका संध्याकाळी प्रेत सापडायच्या नेमक्या बेताला पडद्यावरचं चित्र थांबलं आणि मधोमध एक गोल फिरू लागला. सबनीसांनी रिमोट दाबला, टीव्ही बंद करून लावला. मग ते कोपऱ्यातल्या वायफायच्या डबीपाशी गेले. तिचे हिरवे दिवे विझलेले होते.

"उषा," ते ओरडले, "वायफाय बंद पडलं! केयूरभाईंकडे चालू आहे का विचार जरा."

"पडलं नाही," गॅलरीतून आवाज आला. "मी बंद केलं."

सबनीस गॅलरीच्या दारात आले. उषाताई हिंचक्यावर एका बाजूला बसल्या होत्या. स्टुलावर दोन कप होते, दोन्हींतून वाफ येत होती.

"का?" सबनीसांनी विचारलं.

"आज अमावास्या आहे ने," उषाताई म्हणाल्या.

सबनीस मुकाट्यानं शेजारी बसले.